सातवी पुडी

पोसो फुंदो, मारान्याव, ब्राझील
९ फेब्रुवारी १९९७

चि. जोझिवान यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं सीमा ओलांडून सोन्याच्या खाणीच्या तळावर पोचलात, असं नाताळिनो होडीवाल्याने कळवलं. जीव भांड्यात पडला. अडेल्मो माझा नवरा असला तरी पत्र लिहिणं त्याच्याच्याने व्हायचं नाही, म्हणून तुलाच लिहिते. त्यालाही वाचून दाखव.

बिस्किटांचे दोन डबे दिलेत. एकाच्या झाकणावर तुझं नाव, दुसऱ्यावर त्याचं. प्रत्येकात हिवतापाच्या गोळ्यांच्या सात पुड्या. पहिलीवर एक रेघ, सातवीवर सात. ताप आला की दिवसाला एक पुडी. ताप उतरला तरी सातही संपवायच्या. मी आरोग्यकेंद्रात रोज लोकांची बोटं टोचून रक्त काचेवर घेते. तिसऱ्या दिवशी सगळेच पहिलवान होतात, हे मला माहीत आहे. पाणी उकळून प्या. मच्छरदाणीला भोक पडलं तर त्याच दिवशी शिवा. लस टोचल्याचं पिवळं कार्ड प्लास्टिकमध्ये ठेवा, परतताना नाक्यावर मागतात.

जूनमध्ये सणाच्या बैलनाचाला दोघंही इथे हवेत. अडेल्मोशिवाय लाकडी फळ्या वाजवणार कोण?

तुमची वाट बघणारी,
लिंडाल्वा

* * *

तळावरून, सुरिनामचं रान
१६ मार्च १९९७

ति. ताईस,
धाकट्या जोझिवानचा सा. न. वि. वि.

पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, घरी बोलून भागत नव्हतं म्हणून बायको आता होडीतून बोलायला लागली. हसत होते हं, रागावू नकोस.

माझं इथे मन लागत नाही. पण तिथेही लागत नव्हतं, तेव्हा तक्रार नाही. दिवसभर पाण्याच्या झोताने माती फोडायची. दाजी नळी धरतात, मी चिखल ढकलतो. इथे नव्या माणसाला आधी नाव विचारत नाहीत. किती झाले, असं विचारतात. म्हणजे हिवताप किती वेळा झाला. जितके झाले तितक्या खाचा आपल्या झोपायच्या झोळीच्या खांबावर सुरीने पाडायच्या. ज्याला खाच नाही तो कच्चा. स्वयंपाक करणाऱ्या झुलमिराबाईच्या खांबावर अकरा आहेत. ती आम्हांला बाळं म्हणते.

तर माझी पहिली खाच पडली. तुझ्या तीन पुड्या घेतल्या आणि चौथ्या दिवशी टुणटुणीत. उरलेल्या चार ठेवल्यात. त्या गोळ्यांनी कान असे वाजतात की दाजींची हाक ऐकू येत नाही. इथे सगळेच उरलेल्या पुढच्या वेळेला ठेवतात. दाजी म्हणाले, ताईने सात सांगितल्यात. मी म्हटलं, ताई येऊन चिखल ढकलते का?

दाजी अजून कच्चेच आहेत. सगळे चिडवतात.

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझा जोझिवान

* * *

पोसो फुंदो
२ एप्रिल १९९७

चि. जोझिवान यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला हसू की तुला बडवू, कळेना. खाचा कसल्या पाडता? शर्यत लावली आहे का?

अर्धवट मारलेला ताप जास्त चिवट होऊन उठतो. त्या चार पुड्यांनी तो जायचा नाही. पुन्हा आला तर सरळ होडीत बसायचं आणि नदीच्या खालच्या अंगाला दवाखाना आहे तिथे जायचं. आणि हे मोठ्या अक्षरांत लिहिते, अडखळत वाचलंस तरी चालेल : अडेल्मोच्या डब्याला हात लावू नकोस. मी त्याला ओळखते. मागितलंस तर अंगातला सदरा काढून देईल.

इकडे मंडिओकाच्या कंदांचं पीठ भाजून झालं. तुमच्या वाटणीचं बाजूला ठेवलंय. त्याच्या फळ्यांना तेल लावून खुंटीला टांगल्या आहेत.

काळजीत असलेली,
लिंडाल्वा

* * *

तळावरून
१८ मे १९९७

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजी गेले. शनिवारी दहा तारखेला, होडीत. आधी हेच लिहितो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

मला ताप पुन्हा आला होता. उरलेल्या चार पुड्या घेतल्या, उतरला नाही. दाजींनी आपला डबा उघडून तीन पुड्या मला दिल्या. मी नको म्हटलं, असं लिहिणार होतो. पण मी म्हटलं नव्हतं. मी बरा झालो. बारा दिवसांनी त्यांना ताप आला. त्यांच्याकडे चारच होत्या. चारही घेतल्या, ताप उतरला. त्यांनी झुलमिराबाईकडून सुरी मागून खांबावर खाच पाडली. म्हणाले, आता कोण मला कच्चा म्हणतो बघू.

तुझं पत्र त्यानंतर पोचलं. डब्याला हात लावू नकोस हे वाचलं तेव्हा हात लावून झाला होता. सदऱ्याचं ऐकून दाजी म्हणाले, सदरा तिनेच फाटका दिलाय, तो कोण घेणार?

आठवड्याने ताप परत आला आणि डोक्यात गेला. मला नाताळिनो म्हणून हाक मारायला लागले. दवाखाना होडीने दोन दिवस लांब. दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन होतं. त्यांनी होडीच्या काठावर बोटांनी बैलनाचाचा ठेका धरला. मग तो थांबला. मला वाटलं, झोप लागली.

नदीकाठीच पुरलं. पिवळं कार्ड त्यांच्या खिशात होतं, प्लास्टिकमध्ये, कोरडं.

मी रडलो नाही. कामाला जातो. भात खातो. लोकांना मला दोनदा हाक मारावी लागते, आता कान वाजत नाहीत तरी.

काय लिहून संपवायचं ते सुचत नाही.
जोझिवान

* * *

पोसो फुंदो
५ जून १९९७

चि. जोझिवान यास,

पत्र मिळालं. मी आरोग्यकेंद्रात जाते. काल एका बाईचं बोट दोनदा टोचलं. ती ओरडली तेव्हा कळलं. बैलनाचाची माणसं फळ्या मागायला आली होती. दिल्या नाहीत.

सोबत डबा आहे. सात पुड्या. ताप आला तर आधी दवाखान्यात रक्त दाखव, मग घे. रिकाम्या पुडीचा कागद फेकू नकोस, मला पाठव. मला तुझं बोलणं नको, कागद हवेत.

लिंडाल्वा

* * *

तळावरून
२० जुलै १९९७

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन तारखेला ताप आला. त्याच दिवशी होडीत बसलो. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्त बघितलं, डबा बघितला, ह्याच गोळ्या घे म्हणाल्या. पुड्यांवर रेघा कोणी मारल्या, असं विचारलं. ताईने, एवढंच सांगितलं.

तिसऱ्या पुडीला ताप उतरला. तळावर आलो तर झुलमिराबाई म्हणाली, बाळा, उरलेल्या ठेव आता. मी तिच्यासमोर चौथी घेतली. सहाव्या दिवशी कानांत इतकं वाजत होतं की नळीचा आवाजही ऐकू येईना. वाजू दिलं. सातवीही घेतली.

ह्या वेळी खाच पाडली नाही. माझ्या जुन्या दोन होत्या, त्या तासून काढल्या. दाजींच्या खांबावर एक आहे. ती तशीच आहे.

सात कागद सोबत आहेत. रेघा मोजून बघ. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे, पण ते लिहायला हात धजत नाही. कागद मोजून झाले की एवढंच कळव, ताई : घरी येऊ का?

जोझिवान