वरशाच्या दाजीस रेडिओ देण्याबाबत

मी, काळुराम गोविंदा म्हात्रे, वय ६७, पूर्वी मिठागरावर मुकादम, राहणार रामवाडी, पेण, जिल्हा कुलाबा, पूर्ण शुद्धीत आणि कोणी न सांगता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

१. राहते घर मुलगी रंभा हिला द्यावे. जावयाने छपराची कौले बदलावी, भिंत पाडू नये.

२. माझी छत्री व चष्मा नातू सखा याला द्यावा. चष्मा त्याला लागणार नाही, पण त्याने मागितला आहे.

३. बॅटरीवरचा, तीन बँडचा, कपाटाएवढा रेडिओ धाकटा भाऊ दाजी, राहणार वरसे, रोहा, याला द्यावा. टपाल कचेरीतले परवान्याचे पुस्तक सोबत द्यावे.

कारण लिहितो. हा रेडिओ मी १९५६ साली घेतला. तेव्हा वाडीत वीज नव्हती. त्याची एक तार जमिनीत पुरावी लागे आणि ती जागा ओली लागे, म्हणून मी ती तार सळईला बांधून सळई अंगणातल्या तुळशीच्या मुळाशी ठोकली. माझी पत्नी सगुणा रोज म्हणायची, "आधी तुलशीला पानी, मंग तुमचा गाना." मी हसत असे.

सगुणा १९६६ च्या चैत्रात गेली. बाराव्याला पंगतीसाठी जागा हवी म्हणून दाजीने रेडिओ कोपऱ्यात सरकवला. संध्याकाळी लावला तर नुसती खरखर. मी चारचौघांत म्हणालो, "तू मोडलास."

"दादा, निस्ता सरकवला. तारंला हात नाय लावला."

"खोटं बोलतोस."

दाजी त्याच पावली रोह्याला गेला. पुन्हा आला नाही.

महिन्याने पेणचा रेडिओ दुरुस्त करणारा पोपट आला. त्याने बॅटरी पाहिली, व्हॉल्व्ह पाहिले, मग अंगणात जाऊन माती चिमटीत धरली. "मुकादम, जमीन सुकलीय. हितं पानी कोन घालतो?"

कोणीच घालत नव्हते. सगुणा गेल्यापासून मी अंगणात उतरलोच नव्हतो. पोपटने तांब्याभर पाणी ओतले आणि आतून मुंबई केंद्र बोलू लागले. मी त्याला चहा विचारायचाही विसरलो.

दाजीचा काही दोष नव्हता. हे मी आठ वर्षांत त्याला कळवले नाही. पत्र तीनदा लिहिले, टाकले नाही. माझ्यामागे हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

आता तसली बॅटरी मिळत नाही. तरी कोणी आतले काढून रेडिओचे कपाट करू नये.

४. वरील मजकूर साक्षीदार पोपट यास वाचून दाखवला. तो म्हणाला, "तुमी मेल्यावर माफी मागनार. मंग दाजीनं 'माफ केला' ह्या सांगायचा कुनाला?"

सबब उद्या सकाळच्या एस.टी.च्या टपावर रेडिओ चढवून मी स्वतः वरशाला जात आहे. दाजीने दार उघडल्यास कलम ३ रद्द समजावे. न उघडल्यास ते कायम राहील, आणि मी पुन्हा जाईन.

हे लिहिले ते वाचून, समजून सही केली.

काळुराम गोविंदा म्हात्रे

साक्षीदार:
१. पोपट हैबतराव ठाकूर, पेण
२. जनू रघू पाटील, रामवाडी (अंगठा)

पेण, दिनांक ९ फेब्रुवारी १९७४