भिंगरीचं डावं कोपर

ता. ४ फेब्रुवारी
चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. फोटो पोचला. गोल्फच्या निवडीच्या सामन्यात तुझं नाव आलं हे वाचून मी अशी हरखले, की दूध उतू गेलं. खालच्या शिंपीणबाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना फोटो दाखवून झाला. गोल्फ कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे मी सांगेन ते खरं.

आता एक सांग. काठी फिरवून झाल्यावर डावं कोपर असं बाहेर का आलंय, कोंबडीनं पंख काढावा तसं? मागच्या वर्षीच्या फोटोत दोन्ही हात कसे छान वळून खांद्यावर गेले होते. दोन्ही फोटो खिडकीत धरून पाहिले मी. तुझ्या त्या सरांनी काही उलटसुलट शिकवलंय का? माणूस हसतो फार. फार हसणाऱ्यांचा मला भरवसा नाही, तुझे आजोबा सोडून.

खरं तेच लिही. माया आहेच.
तुझी आजी

ता. १२ फेब्रुवारी
ती. आजीस सा. न.

वि. वि. तुझा संशय कधी निवृत्त होणार गं? ऐक. काठी खाली येताना मनगटं दुमडलेली ठेवायची आणि चेंडूला लागता लागता सोडून द्यायची. मग डावा हात कोपरापासून खाली आपोआप वळतो आणि उजवा त्याच्यावरून पुढे जातो. फोटोवाल्यानं भलत्याच क्षणी बटण दाबलं, एवढंच. चेंडू हल्ली जरा उजवीकडे पळतो, पण जमेल. सर चांगले आहेत. आईला काही बोलू नकोस.

लोभ असावा, संशय बेताचा असावा.
तुझी भिंगरी

ता. २० फेब्रुवारी
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. आईला बोलू नकोस, हे कशाला लिहिलंस? मी चालायची काठी घेऊन आरशासमोर उभी राहिले. तुझी आई म्हणाली, पडाल. मी नाही पडले, फुलदाणी पडली. तू म्हणतेस तसा हात सोडला तर कोपर बाहेर येतच नाही. मनगट आवळून धरलं की येतं. आणि आवळून कोण धरतं? ज्याचं दुखतं तो. जिना उतरताना मी गुडघा धरते, तसंच.

म्हणून तुझ्या सरांनाच पत्र टाकलंय. दुखऱ्या हातानं पोरीला खेळवता, लाज नाही वाटत का, असं स्वच्छ विचारलंय. पत्ता शिंपीणबाईंनी घातला, अक्षर त्यांचं बरं.

जपून राहा, हसणाऱ्यांपासून जास्त.
तुझी आजी

ता. २ मार्च
ती. आजीस नमस्कार.

मी तुझ्यावर रागावले आहे. सरांना काही माहीतच नव्हतं. महिनाभर मनगट दुखत होतं, करंगळीच्या बाजूला. चेंडूला लागलं की कळ यायची, म्हणून हात सोडतच नव्हते. पट्टी बांधायची आणि वरून लांब बाही. सरांना कळलं तर नाव काढतील, ही भीती. तुझं पत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि हे खरं आहे का, एवढंच विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही.

नाव गेलं. हात बांधून ठेवलाय. डॉक्टर म्हणाले, हा सामना खेळले असते तर कदाचित पुढचा कुठलाच खेळले नसते. तरी राग आहे. वर्षभर वाट पाहिली होती गं.
भिंगरी

ता. ९ मार्च
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. राग पोचला, ठेवून घेतला. तुझा हात वाचला म्हणून हसले आणि नाव गेलं म्हणून रडले, एकाच दुपारी. सरांवर मात्र उगाच घसरले. माफीचं पत्र टाकलं, तर त्यांचं उत्तर आलं: दुखणं मलाच दिसायला हवं होतं, चूक माझी, हात बरा झाला की पुढच्या निवडीला तिचं नाव मीच देईन. फार चांगलं लिहिलंय. एवढं चांगलं कशाला लिहिलं असेल?

रविवारी येतेय. त्यांना समोर बसवून एकदा नीट बघते. आणि तुझी वेणी घालून देते. एका हातानं ती तुला जमत नसणार, आणि ते तू मला लिहिणार नाहीस.
तुझी आजी