म्हातारीच्या घरचं राळं

मुक्काम चीन, इंग्रजांची पलटण, सन १९००

तीर्थरूप आयेस येसाजीचा पायांवर माथा.

मी बरा हाय. थंडी लय, पण घोंगडं मिळालंय. घरामागच्या शेतात वाल पेरलेस का गं?

तू कळवलंस, "परक्यांचा घोर नको. पलटणीचे घोडे सांभाळ, सुखरूप ये." गेल्या आठवड्यात आमाला घोड्यांसाठी दाणा आणायला गावात धाडलं. एका घरात म्हातारी राळ्याच्या दाण्यांनी भरलेल्या टोपलीवर पालथी पडून रडाय लागली. जमादार म्हणाला, "ओढ तिला." मी हात लावला नाय. त्यानं मला चाबूक मारला आणि टोपली नेली. माझ्या वाट्याच्या भाकऱ्या मी तिच्यापुढं ठेवल्या.

वळ मिटत आलाय, काळजी नको. पण म्हातारी आता काय खात असंल, हा घोर सुटत नाय. आये, तू तिथं असतीस, तर तिला ओढू दिलं असतंस का?

तुझा येसाजी