घर ताईबाईस, बिनशर्त

मी, झुलाल पुना कुवर, वय वर्षे त्रेपन्न, धंदा सुतारकाम (जातीने नव्हे, हाताने, कोणी शिकवले नाही), धर्माने ख्रिस्ती, राहणार पिंपळनेर, तालुका साक्री, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेल्या वर्षापासून तर जरा जास्तच ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब होता तेव्हा काय लिहिले, ते कलम एकमध्ये पाहावे.

१. सन १९७९ मध्ये अरुंद वाट मंडळीच्या पास्टरसाहेबांनी सर्व सभासदांकडून एकाच मजकुराची मृत्युपत्रे लिहून घेतली. त्यात माझे राहते घर मंडळीच्या नावे आहे. "मूल नाही, मग घर देवाचंच," असे ते म्हणाले होते. ते मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. न केल्यास माझ्यामागे पत्नी ताईबाई रस्त्यावर येईल. तिला तसे तोंडावर सांगून झाले आहे : नवऱ्याला सोड, तर छप्पर राहील.

२. प्रकरण येथवर कसे आले ते नोंदवतो. मंडळीत पश्चात्तापाचा बाक आहे. तो मीच केला. साग, रुंदी नऊ इंच, पाठ नाही, कारण पापी माणूस टेकता कामा नये अशी ऑर्डर होती. शेजारी आधारभाऊ बैसाणे यांच्याकडे टीव्हीवर क्रिकेट पाहिले म्हणून गेल्या वर्षी मलाच त्यावर बसवले. पास्टरसाहेब पाप वाचू लागले : "याने सामना पाहिला. चहा घेतला. चहा पुन्हा मागितला!" मला हसू फुटले. दाबले, तर नाकातून आले. बायकांच्या रांगेत ताईबाईने तोंडात पदर कोंबला. मग रांगच्या रांग खांदे हलवू लागली. "हसू बंद करा, हा देवाचा हुकूम आहे!" हे ऐकून पेटीवाला पेटीवरच कोसळला आणि सगळे सूर एकदम वाजले. मी बहिष्कृत झालो.

३. बहिष्कार वाचून दाखवला तो लोटन भिका यांनी. ते मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी. वयाने मात्र माझ्याहून धाकटे, आणि पटाशीला धार लावायला माझ्याकडेच शिकले. हुकूम असा : बहिष्कृतासोबत एका टेबलावर जेवू नये. ताईबाई जागची उठून म्हणाली, "आमना घरमा टेबलच नई शे." सुताराच्या घरात नाही, हे खरे आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती आली : त्याच्या तोंडाकडे पाहून जेवू नये. तेव्हापासून आम्ही पाठीला पाठ लावून जेवतो. ठेचा खांद्यावरून जातो-येतो. इतक्या वर्षांच्या संसारात असे एकमेकांना टेकून आम्ही कधी जेवलो नव्हतो. पास्टरसाहेबांचे आभार.

४. राहते घर, परसातला हातपंप व सर्व हत्यारे (मोठा रंधा सोडून) ताईबाईस, बिनशर्त. तिने मंडळीत जावे वा जाऊ नये. माझ्या नावाने रडण्याचीही अट नाही. हे कलम वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मी जासू मंडळीमा. देव काय त्यासना एकलाना शे का?" तेही येथे नोंदवतो.

५. वरील बाकाची मजुरी मिळालेली नाही, सबब तो माझाच. तो आणून त्याला पाठ लावावी, रुंदी दुप्पट करावी व एस.टी. स्टँडवर ठेवावा. म्हातारी माणसे उभी असतात.

६. पास्टरसाहेबांस काही नाही. ताईबाईचे पोटातले गेले तेव्हा भर सभेत ते म्हणाले, हे झुलालच्या गर्वाचे फळ. तिला उभे राहून आमेन म्हणावे लागले. हे कलम हसत लिहिता येत नाही, म्हणून आखूड ठेवतो. क्षमा द्यायचे मनात आहे, पण तिला अजून पॉलिश झालेले नाही. कच्चा माल मी देत नाही.

७. माझ्यामागे "वेड्याने लिहिलं" असे म्हटले जाणार, म्हणून एक साक्षीदार मंडळीतला हवा होता. चौघांनी हात जोडले. आज सकाळी लोटन आपणहून आला.

"नाना, मी करसू सही."

"तुन्हं वडीलपण जाई, भाऊ."

"जाऊ द्या. त्या दिन हसू दाबाले मी बी व्हट चावी बठेल व्हतू."

माझा मोठा रंधा मी लोटनला लिहिला होता. पण आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला ठेवलेली वस्तू त्याला मिळत नाही. हे मी कायद्यातून स्वतः वाचून काढले आहे. तसे त्याला सांगितले. त्याने रंध्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला, रंधा फडक्यात गुंडाळून ताईबाईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "पेन द्या."

सबब रंधाही ताईबाईस.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, आणि दोघा साक्षीदारांदेखत सही केली. त्या दोघांनीही माझ्यादेखत केली.

मुक्काम पिंपळनेर, दिनांक १४ ऑक्टोबर १९९३

(सही) झुलाल पुना कुवर

साक्षीदार :

१. (सही) आधार महादू बैसाणे, शेजारी, दीपनगर वीजकेंद्रातून निवृत्त

२. (सही) लोटन भिका कुवर, वडील, अरुंद वाट मंडळी. पद मी माझ्या हाताने लिहिले आहे. रविवारनंतरचे माहीत नाही.