आप्पा प्यायलेले नव्हते

आप्पा, आज वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इंजिनिअरिंग शिकून तुम्ही माणसाच्या तोलाकडे कशा वळलात?" मी म्हातारपणी पडणाऱ्या माणसांबद्दल बोलले. तेही खरंच आहे. पण सुरुवात शिरूर–दौंड गाडीत झाली, आणि ती तुम्हालाच सांगावीशी वाटते.

तुम्ही कंडक्टर. खड्ड्यात गाडी उसळायची, माणसं दांड्यांना लोंबकळायची आणि तुम्ही दोन्ही हात तिकिटांत गुंतवून मधोमध उभे. मी बारावीला असताना तुम्हाला मोठा ताप आला. तो उतरल्यावर तुम्ही लगेच कामावर गेलात. त्या दिवशी मीही गाडीत आहे. न्हावरं सोडल्यावर वळण येतं आणि तुम्ही एका बाईच्या अंगावर कोसळता. उठता, पुन्हा कलंडता. मागून कुणीतरी ओरडतं, "कंडक्टर पिऊन आलाय!" सगळी गाडी हसते. साधी सुपारी न खाणारे तुम्ही. सीटची कड धरून खाली बसता.

दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, तापात तिला इजा झाली. पण गाडीत हसलेल्या माणसांना ते कोण सांगणार? तुम्हाला डेपोत पासच्या खिडकीवर बसवलं. आईनं विषय काढला की तुम्ही ताटावरून उठायचात. मी बघत राहिले की खेकसायचात, "माझ्याकडं काय बघती? पुस्तकात बघ." मी बघायचे, आणि तिथंही तुम्हीच दिसायचात.

पुण्यात शिकवायला लागल्यावर मी एक फळी बनवली. तिच्यावर उभ्या माणसाचं झुलणं कॉम्प्युटरवर रेघेत उमटायचं. सर्वांत आधी तुम्हाला उभं केलं. डोळे उघडे होते तोवर रेघ शांत होती. मिटलेत आणि ती वेडीवाकडी पळाली.

"ह्ये माझं हाय?"

"हो, आप्पा. डोळे मिटले की कान साथ देत नाही."

तुम्ही बराच वेळ पडद्याकडे पाहिलंत. "म्हंजी मी पिऊन नव्हतो, ह्ये मशीनला कळतं?"

"कळतं."

तुम्ही टोपी काढून तिनंच डोळे पुसलेत.

मग व्यायाम सुरू झाले. नजर एका जागी ठेवून मान हलवायची, आईचा दंड धरून अंगणात चालायचं. "ह्या वयात मान हलवायची शाळा!" म्हणत कुरकुरलात, पण एक सकाळ चुकवली नाहीत. निवृत्तीच्या आधी स्वतःहून गाडी मागून घेतलीत. मी मुद्दाम रजा काढून आले. आता एक हात दांडीला होता, पण पाय भक्कम होते. एक म्हातारी म्हणाली, "कंडक्टर, लई दिस दिसला न्हाईत?"

"कान सुट्टीवर गेलता, मावशी," तुम्ही म्हणालात, आणि तिच्याआधी तुम्हीच हसलात.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या प्रयोगशाळेत मोठी यंत्रं आली, हुशार मुलं आली. काम मनासारखं चाललंय. हे पत्र पोस्टात पडणार नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. एक मात्र सांगते. तपासणीला येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी आप्पाच म्हणते. मुलांना वाटतं, आमच्या गावाकडची रीत असेल. परवा मी "आप्पा, डोळे मिटा" म्हटल्यावर एकजण तुमच्याच सुरात म्हणाले, "व्हय, बाळा," आणि यंत्र सुरू करायचं सोडून मी उगाचच वायरी तपासत राहिले.