सागवानी रंग

१४ मार्च

ती. दादांस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. तुमचा गुडघा आता वाकतो का? वहिनी सांगतात ते व्यायाम टाळू नका. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मंगळवारी सकाळी देवाला हात जोडून कारखान्यात आलो आणि पॉलिशवाल्याला रंगाचे डबे बंद करायला सांगितले. मुलींच्या वसतिगृहाच्या खाटा समोर तयार होत्या.

तो म्हणाला, "दादांनी सागवानी रंग सांगितलाय."

"बिनरंगी वॉर्निश मार."

"अशा पांढऱ्याफटक? आजारी दिसतील हो."

"दिसू देत."

रबराचं लाकूड मीच निवडलं आणि पुन्हा तेच निवडेन. चीक आटला की ती झाडं तोडतातच, म्हणून स्वस्त पडतं. नीट सुकवलेलं, औषध दिलेलं आहे. स्क्रू घट्ट धरतं. पाण्यात ठेवलं नाही, तर मुली शिकून संसाराला लागतील, तरी खाट हलणार नाही. स्वस्त असण्याची त्या लाकडाला लाज नाही. आपल्यालाच का?

तुम्ही म्हणता, "सागवानी रंगालाच म्हटलं, लाकडाला कुठे म्हटलं?" पण बिलात 'सागवानी खाटा' लिहायचं आणि भाव सागाचा घ्यायचा. दादा, या शब्दाने गिऱ्हाईक फसेल. वर बसलाय तो कसा फसणार?

"रंग दिला नाहीस तर वाटण्या करू," असंही म्हणालात. रंधा धरायला मला तुम्हीच शिकवलंत.

तरी काल टेम्पो भरून मी स्वतः गेलो. वसतिगृहाच्या बाईंनी खाटेवरून हात फिरवला.

"हा कुठला साग?"

"साग नाही बाई, रबर."

"रबर? आमच्या मुली आधीच उड्या मारतात."

शिपाई हसला, मीही हसलो. मग त्यांनी रोखून विचारलं, "तुमचे दादा तर सागवानी म्हणाले होते."

"ते त्यांना विचारा. लाकूड मी आणलंय, त्याचं मी सांगतो."

त्यांनी खाट हलवून बघितली. मग शिपायाला म्हणाल्या, "उतरवून घे."

भाव रबराचाच लावला. कारखान्याला तो परवडतो, मी बघितलंय. वाटण्या करायच्या तर कागद घेऊन या, म्हणाल तिथे सही करतो. बिल मात्र बदलणार नाही. त्यावर लाकडाचं नाव लिहून, खाली सही करून, काल बाईंच्या हातात दिलं आहे.

वाटणीनंतरही तुमचा धाकटाच,
भाऊ