करोल बागेतला बार आणि माझी सही

बाबा, तुमचा बार पाडला. करोल बागेतला तोच, जिथे आई मला रविवारी दुपारी तुम्हाला बोलवायला पाठवायची आणि स्वतः समोरच्या फुटपाथवर तोंड फिरवून उभी राहायची. मी आत कधीच आले नाही. दारातूनच ओरडायचे, "बाबा, जेवायला चला!" आणि आतली माणसं हसायची. बसस्टॉपपर्यंत तुम्ही त्या इमारतीचं कौतुक सांगायचात. आधी तिथे एका डॉक्टरांचा दवाखाना होता, फाळणीनंतर रावळपिंडीहून आलेल्या कुटुंबाला ती मिळाली, त्यांनी पुढे बार काढला, पण पेशंटचे बाक काही टाकले नाहीत. "दवाखान्याच्या बाकावर बसून घेतो, म्हणजे औषधच की," म्हणत तुम्ही एकटेच हसायचात. त्या औषधाने तुमचं लिव्हर गेलं आणि मागोमाग तुम्ही. मी तेव्हा कॉलेजात होते. तुमच्यावर रागावून काही उपयोग नव्हता, म्हणून मी त्या इमारतीवर रागावले.

तुम्ही इंजिनिअर, मीही तेच झाले. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं? शाळेसाठी मी त्याचा नकाशा काढतेय आणि वरच्या झरोक्याचं माप अंदाजाने टाकलंय. तुम्ही वही बघता, पोळ्या लाटणाऱ्या आईला बाजूला व्हायला सांगता आणि हातात टेप देऊन मला ओट्यावर चढवता. "न बघता लिहिलंस? अगं, असल्या आकड्यांवर कुणाचं तरी घर उभं असतं." सकाळचा, शुद्धीतला तुमचा आवाज. तसा तो फार वेळा ऐकायला मिळाला नाही.

गेल्या वर्षी जुन्या इमारतींच्या तपासणीचं काम आमच्या ऑफिसकडे आलं. यादीत ती होती. मी गेले, दारापर्यंत पोचले, पण पाय आत पडेना. रस्त्यावरूनच भेगांचे फोटो काढले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं: आतलं लाकूड कुजलेलं, दुरुस्ती शक्य नाही. खाली सही केली. खरं सांगू? लिहिताना बरं वाटलं.

पाडायच्या दिवशी सकाळीच गेले. भिंती तासाभरात आडव्या झाल्या, पण मधली सागवानी तुळई मजुरांना दाद देईना. कापली तेव्हा आतलं लाकूड ठणठणीत निघालं. फुटपाथवर खुर्ची टाकून मालक बसले होते, ऐंशीच्या पुढचे. सगळा संसार त्यांनी वरच्याच मजल्यावर केला. आता फरिदाबादला मुलीकडे एका खोलीत राहतात. त्यांनी मला ओळखलं.

"मराठी साहब की बेटी ना? दरवाज़े से आवाज़ लगाती थी."

मी मान हलवली. त्यांनी कापलेल्या तुळईकडे बोट केलं.

"तुम्हारे पापा ने ये शहतीर ठोक-ठोककर देखी थी. बोले, लालाजी, अभी सौ साल और चलेगी. और ये रिपोर्टवाला, बेटा, अंदर झाँकने तक नहीं आया."

"अच्छा?" मी म्हटलं.

त्यांनी तुमचा बाक मला दिला, खिडकीजवळचा. "घर आकर कभी चाय पीना," म्हणत स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर पत्ताही लिहून दिला. बाक बाल्कनीत आहे, त्यावर अजून कुणी बसलेलं नाही. हे मी ओट्याशी उभी राहून लिहितेय. तुम्हाला लिहिणं सोपं आहे बाबा, तुम्ही वाचणार नाही. ज्यांना लिहायला हवं त्यांचा पत्ता पर्समध्ये आहे, आणि ती चिठ्ठी मी अजून उघडलेली नाही.